नारुमीमास्तरांचा दगड

हाचिनोहे बंदरामागच्या गल्लीत नारुमीमास्तरांचं कॉफीघर आहे. तिथे जॅझ ऐकायचं, बोलायचं नाही. रेकॉर्डची एक बाजू संपेपर्यंत येणारा दाराशीच थांबतो आणि मास्तरही स्टुलावरून हलत नाहीत. सुईला धक्का पोचू नये म्हणून त्यांनी काय नाही केलं! थडगी घडवणाऱ्या पाथरवटाकडून नाव कोरताना बिघडलेली ग्रॅनाइटची लादी आणली, तिच्याखाली वाळूची पेटी, पेटीखाली रबर. त्यावर रेकॉर्डप्लेअर.

"भूकंपात हा वाचेल मास्तर, आपण जाऊ," टपालातून निवृत्त झालेला ओदाजिमा म्हणायचा.

तरी सुई उडायची. हात्सुए आजी आल्या की हमखास. आजींनी चाळीस वर्षं मासळीबाजारात माकुल साफ केलेलं. त्यांची बस तीन दहाला यायची, बाजू निम्म्यावर असताना. गुडघ्यामुळे दारात ताटकळणं जमत नसे. काठी टेकत त्या खिडकीपाशी जाऊन बसत, मास्तर कॉफीसाठी उठत, आणि सुई टक्कन पुढे.

डिसेंबरात मास्तरांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "आजी, काठी छत्र्यांच्या डब्यात ठेवत चला."

"का हो, चावते की काय कुणाला?"

"सुई उडते."

ओदाजिमा फिसकन हसला. आजींचे कान लाल झाले. "माफ करा मास्तर. मला कळलंच नाही."

दुसऱ्या दिवसापासून त्या बूटही दाराशी काढू लागल्या. ऐन थंडीत नुसत्या मोज्यांवर, खुर्च्यांच्या पाठी धरत खिडकीपर्यंत जायच्या. सुई तरीही उडे. "जरा जपून, आजी," मास्तर म्हणत. त्या आणखी अंग चोरून बसत. फेब्रुवारीत त्या यायच्याच थांबल्या.

मार्चमध्ये एकदा रेकॉर्ड चालू असताना फोन वाजला. एरवी मास्तरांनी तो वाजू दिला असता, पण बहिणीच्या ऑपरेशनची खबर यायची होती. ते उठले आणि सुई उडाली. खोलीत कुणीही चालत नव्हतं.

बहीण बरी होती. फोन ठेवून मास्तरांनी लादीवर पाण्याची वाटी ठेवली. ओदाजिमाला खोलीभर पाय आपटत फिरवलं. पाणी निश्चल. मग स्वतः काउंटरमागच्या फळीवर एक पाऊल टाकलं. पाणी थरथरलं. पायांना सिमेंट गार लागू नये म्हणून ती फळी त्यांनी स्वतःच पेटीखालच्या तुळईला ठोकली होती. आणि बाजू अर्ध्यावर असताना ते उठत, ते फक्त आजींसाठी.

ओदाजिमा या वेळी हसला नाही. मास्तरांना तो हसला असता तर बरं वाटलं असतं.

आजींच्या दारात ते कमरेत वाकून उभे राहिले. मोठ्याने, दोनदा सांगावं लागलं. "सुई मी उडवत होतो. माझ्याच पायाने. उद्या या, काठी घेऊन."

"आणीन. तिच्याशिवाय मला काही ऐकूच येत नव्हतं हो."

"म्हणजे?"

"कान गेले दोन वर्षांपूर्वी. बोलणं ओठांवरून कळतं, गाणं नाही. काठी जमिनीवर आणि हनुवटी मुठीवर टेकली, की गाणं हाडातून वर चढतं."

मास्तरांना आठवलं. त्या तशा बसल्या की त्यांना वाटायचं, आजींना डुलकी लागली.

"मग बोलला का नाहीत?"

"तिथे बोलायचं नसतं ना, मास्तर."

त्यांनी रात्रीच फळी उखडली. दुसऱ्या दिवशी तीन दहाला काठीची टकटक आली. मास्तर थंडगार सिमेंटवरून चालत काउंटरच्या टोकाला गेले. सुई हलली नाही. खिडकीपाशी आजींनी हनुवटी काठीवर टेकली. मास्तर पाठमोरे होऊन कॉफी गाळत राहिले. गाळून झाली तरी त्यांना वळवेना.