जिनाच्या भिंतीवरचे हात

मी लिहावं इतकं माझं वाचनही नाही, त्यामुळे आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. साध्या अर्जालाही माझी दोन पानं वाया जातात. पण ही गोष्ट दुसऱ्या कुणी सांगितली तर तो माझी बाजू घेईल, म्हणून मीच सांगतो.

मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात आमच्या घरामागे जुनं जिन आहे, कापसातून सरकी काढायचा इंग्रजांच्या वेळचा कारखाना. मला आठवतं तेव्हापासून ते बंदच. सौंसरला खोली करून बी.ए. करताना मी इतिहासाच्या प्रोजेक्टसाठी त्यावर चोवीस पानं लिहिली. सरांनी ती वर्गात वाचून दाखवली. तेव्हापासून ते जिन मला माझंच वाटू लागलं.

दिवाळीत घरी आलो तर जिनाचं मार्ट होत होतं. मी प्रोजेक्टची फाइल काखेत मारून गेलो. ज्यांनी जिन विकत घेतलं ते शेठ माझ्या लहानपणच्या मित्राचं बोलणं ऐकत उभे होते. हा मित्र बारावीनंतर शिकला नाही. वडिलांसोबत गवंडीकाम करतो.

"हा चुना हाय शेठ. याच्यावर सिमेंट मारलं तर फुगते अन् पडते."

शेठ मान हलवत होते. माझी फाइल पाहून म्हणाले, "ठेव तिथं." तिथं म्हणजे सिमेंटच्या गोण्यांवर.

"या प्रोफेसर!" मित्र हसला. "तेलाचे रॅक इथं लागून राहिले, तांदूळ तिकडं."

"तुले काय माहीत या इमारतीचं?"

"काही नाही बे. भित तेवढी माहीत हाय."

मजूर हसले. मीही हसलो, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

दोन दिवसांनी जुना रंग खरवडताना त्याला भिंतीवर गेरूचे हात दिसले. त्यानं काम थांबवलं आणि आमच्या आईला बोलावून नेलं; मीही मागोमाग गेलो. लग्नाआधी ती याच जिनात कापूस घेऊन यायची. हंगामाच्या पहिल्या दिवशी पहिल्या बैलबंडीची पूजा झाली की कापूस वेचणाऱ्या बाया गेरूत हात बुडवून भिंतीवर उमटवायच्या, असं तिनं सांगितलं. मग एका ठशाजवळ थांबली.

"करंगळी वाकडी हाय ना? हा माहाच."

माझ्या चोवीस पानांत यातलं एक अक्षर नव्हतं. तिला विचारावं, हे मला सुचलंच नव्हतं. घरी येताना ती म्हणाली, "पोरगं लई हुशार हाय." हा शब्द ती आजवर फक्त माझ्यासाठी वापरत आली होती.

मी दुसऱ्याच दिवशी सौंसरला परतलो. मित्राचे फोन येऊ लागले. त्याचं नाव दिसलं की मी मोबाइल पालथा ठेवायचो. अभ्यास आहे, असं स्वतःला सांगायचो. परीक्षा अजून महिनाभर लांब होती. मला वाटायचं, शेठनं केलेलं कौतुक ऐकवायला फोन करून राहिला असेल. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी आईचा फोन आला.

"मार्ट सुरू झालं रे. हातांपुढं रॅक नाही लावला. त्यानं शेठशी भांडून तिथं काच लावून घेतली. पाटी बी हाय."

"पाटी कोणी लिहिली?"

"तुह्याकडूनच लिहून घ्यायची होती. 'माहा दोस्त लिहीन, त्यालेच सगळं माहीत हाय,' असं त्यानं शेठले सांगून ठेवलं होतं. आठ दिवस फोन लावला म्हणते, तू उचललाच नाही. मंग शेठनं पाटी रंगवणाऱ्यालेच सांगितलं, तूच लिही म्हणून."

काय लिहिलंय, विचारलं. आईला वाचता येत नाही. तिनं शेजारच्या मुलीकडून वाचून घेतलं होतं.

"हिंदीत हाय. अज्ञात महिलाओं के हाथ. अज्ञात म्हंजे काय रे?"

"कोण होत्या ते माहीत नाही, असं."



"पण मी तर तिथंच उभी होती," ती म्हणाली.