आमच्या घरची नकारघंटा

मित्रांनो, कुठलंही काम निघालं की आधी ‘नाही’ म्हणणाऱ्याला आपण नकारघंटा म्हणतो. आमच्या घरात हा मान आईचा.

काल अंबाजोगाईला तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून एकच चाललेलं, “न्हाई दिसायचं बघ मला.” आज सकाळी मी वैतागून म्हणालो, “आई, नकारघंटा बंद कर आता!”

पट्टी निघाली. खिडकीबाहेर लिंबाची पानं हलत होती, आई तिकडं बघत राहिली. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, “तुझे केस कधी पिकले रं?”

तेलगावला परतताना ती काळा चष्मा वर सरकवून फुटलेला कापूस बघत होती, स्वप्नात असल्यासारखी. “लई पांढरा हाय,” म्हणाली.

मी विचारलं, “मग न्हाई न्हाई कावून म्हणत होतीस?”

“दिसंल म्हणले असते, अन् दिसलंच नसतं तर?”

इतकी वर्षं मी तिला या ‘न्हाई’वरून हसलो. ती घाबरते, हे आज कळलं.

तुमच्या घरी कोण आहे नकारघंटा? त्यांना कशाची भीती वाटते, कधी विचारलंय?