वरीलप्रमाणे

एकच भाषा बोलणारी माणसं नदीने, कुंपणाने किंवा करारमदारांनी फार काळ वेगळी ठेवता येत नाहीत; आज ना उद्या ती एक होतातच.

हे विधान माझ्या वडिलांनी नरडाणा स्टेशनच्या फलाटावर केलं. त्या वेळी माझी माय त्यांच्यापासून दोन बाकं सोडून बसली होती, कारण सकाळपासून दोघांचं बोलणं बंद होतं. भांडण माझ्या डब्यातल्या भरितावरून झालं होतं. वांगी मायच्या पद्धतीने ठेचायची की आत्यांच्या पद्धतीने घोटून वरून फोडणी द्यायची, हा प्रश्न आमच्या घरात तीस वर्षं सुटलेला नव्हता, आणि मी परदेशी निघालो म्हणून तो सुटावा असं कुणालाच वाटलं नाही.

मी मोल्दोव्हाला निघालो होतो. जळगावात ठिबक सिंचनाच्या नळ्या बनवणाऱ्या एका कंपनीत मी नोकरीला होतो. तिकडच्या द्राक्षमळ्यांत त्या नळ्या अंथरायला माणूस हवा होता, आणि बायको-मुलं नसलेला मी एकटाच सापडलो. वडील, म्हणजे नाना, शिरपूरच्या हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झाले होते. नोकरी संपली तरी त्यांचा तास संपलेला नव्हता. शाळेतला जुना नकाशासंग्रह उघडून त्यांनी माझ्या नव्या मुक्कामाचा अभ्यास केला होता. मोल्दोव्हा आणि शेजारचा रोमानिया, मध्ये प्रुत नदी, दोन्ही काठांवर भाषा एकच. मागे काही वर्षं दोन्ही एकाच देशात होते, मग मोल्दोव्हाचा काठ सोव्हिएत संघात गेला आणि तिथून सुटून वेगळा देश झाला. नानांना एवढं पुरेसं होतं.

"जाई राहिना तवय दोन देश शेतस," ते म्हणाले, "वापस येशी तवय एक व्हई जाई. भाषा एक म्हणजे बठ्ठं एक." जाताना दोन देश, परतताना एक, असा त्यांचा हिशोब. 'बठ्ठा' म्हणजे सगळा. हा त्यांचा आवडता शब्द. शेजारी पोत्यावर बसलेल्या एका अनोळखी माणसानेही मान डोलावली.

गाडी आली तेव्हा माय उठली, डबा माझ्या हातात दिला आणि एवढंच म्हणाली, "आपलं बोलनं सोडू नको."

आपलं म्हणजे कोणतं, हे मी विचारलं नाही. नानांनीही विचारलं नाही. त्यांना ते पक्कं ठाऊक होतं.

बाहेरच्या माणसाला खान्देश हा एकच प्रकार वाटतो. आमचं शिरपूर धुळे जिल्ह्यात, माय जळगाव जिल्ह्यातल्या बोदवडकडची. तिकडची बोली निराळी. नाना अहिराणीत 'शे' म्हणत, माय 'हाये' म्हणते. दोन्हींचा अर्थ 'आहे' एवढाच. लग्न ठरलं तेव्हा दोन्हीकडच्या मोठ्यांनी खान्देशाची दोन टोकं जोडली गेल्याची भाषणं केली होती म्हणे. जोडणी झाली ती अशी: माय शिरपूरला आली. शिरपूरहून बोदवडला कुणी गेलं नाही. आत्या तिच्या 'हाये'ला पदर तोंडात धरून हसायच्या. महिनाभर ती गप्प राहिली आणि मग स्वतःच्याच बोलीत बोलायला लागली, आधीपेक्षा जरा मोठ्याने. पुढे जन्मभर नाना 'शे'मध्ये विचारत राहिले, ती 'हाये'मध्ये उत्तरं देत राहिली. एकमेकांचं समजलं नाही असं एकदाही घडलं नाही. विशेषतः भांडणात.

मी कॉलेजात असताना शिरगणती आली. मी सुट्टीत घरी होतो. मोजणीला आलेले मास्तर ओसरीवर मोठा कागद पसरून बसले. कुटुंबप्रमुख म्हणून पहिली ओळ नानांची. मातृभाषेच्या रकान्यापाशी मास्तरांनी न विचारताच 'म' काढायला घेतला, तसा नानांनी त्यांचा हात धरला.

"मराठी नही, मास्तर. अहिराणी लिखा. आम्हले मराठीमा मिळाडू नका."

"एकच तर आहे हो नाना," मास्तर म्हणाले.

"एक नही शे." आणि मग दहा मिनिटं नाना अहिराणीवर बोलले. मोठ्या भाषा लहान भाषांना प्रेमाने जवळ घेतात आणि मग सोडत नाहीत, असं काहीसं. मला त्यांचा अभिमान वाटला. तो पुढच्या ओळीपर्यंत टिकला.

पुढची ओळ मायची होती. "बठ्ठासनी तीच," नाना म्हणाले, आणि मास्तरांनी सुटल्यासारखं लिहून टाकलं: वरीलप्रमाणे.

माय पिठाच्या हातांनी बाहेर आली. "मास्तर, मी वरीलप्रमाणे नई हाये. मह्यं येगळं लिहा."

"तुनी काय येगळी भाषा शे का?" नानांनी विचारलं.

"वीस वरीस जिच्यात तुम्हाले बोलून राह्यली, ते काय मुकेपन हाये?"

मास्तर हसले, नाना हसले नाहीत. पण मास्तरांच्या हातून काही झालं नाही. "वहिनी, खाडाखोड चालत नाही, वरून तंबी आहे. पुढच्या वेळी बघू."

"या पुढच्या वेळी," माय म्हणाली. "मी इथंच हाये."

पुढची वेळ दहा वर्षांनी आली. मी तोवर इकडे आलो होतो, आणि नेमकी त्या आठवड्यात माय मावशीच्या आजारपणासाठी बोदवडला गेलेली. नानांनी फोनवर मोठ्या समाधानाने सांगितलं की बठ्ठं नीट लिहून दिलं. माय परत आल्यावर त्यांच्याशी किती दिवस बोलली नाही, हे मला धाकट्या भावाकडून कळलं. त्यानंतरची शिरगणती लांबली. लांबतच गेली. तेवढ्यात नाना गेले. माय मात्र फोन केला की अजून विचारते, "मास्तर कधी येतीन?" कोणते मास्तर, हे आमच्या घरात कुणाला विचारावं लागत नाही.

इकडचं सांगतो. मी मोल्दोव्हाच्या राजधानीत, किशिनावला राहतो. एलेना नावाच्या इथल्या बाईशी लग्न केलं, आणि आता माझ्याकडे इथलं नागरिकत्व आहे. सासरचं गाव प्रुतच्या काठावर. सासऱ्यांच्या अंगणातून रोमानिया दिसतो. दिसायला अगदी अलीकडच्या काठासारखाच आहे. सासरे वासिले गुरांचे डॉक्टर होते. पहिल्याच जेवणात ग्लास उंचावून ते म्हणाले की एक भाषा बोलणारी माणसं नदीने फार काळ वेगळी ठेवता येत नाहीत. नानांचंच वाक्य, फक्त हातात वाइन. त्यांचा सख्खा भाऊ नदीपलीकडे राहायला गेला आहे. वडिलांची दारू गाळायची तांब्याची भट्टी त्याने नेली, तेव्हापासून दोघे बोलत नाहीत. यात नदीचा काही दोष नाही.

सासूबाईंचं नाव आना. 'बरं आहे' हे त्या 'ईय गिनी' असं म्हणतात. टीव्हीवरचे बुखारेस्टचे, म्हणजे रोमानियाच्या राजधानीतले लोक 'ए बिने' म्हणतात. वासिले त्यांना प्रत्येक वेळी दुरुस्त करतात. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा माझा घास हातातच राहिला. 'ईय' काय आणि 'ए' काय, अर्थ 'आहे' एवढाच; इथेही भांडण 'आहे'वरूनच चाललं होतं. पानात होतं ते विस्तवावर भाजून, सोलून, लाकडी सुरीने ठेचलेलं वांगं. याचा मूळ मालक कोणता काठ, हाही वाद आहे. मी त्यात पडत नाही. माझे आधीच दोन पक्ष आहेत.

या देशाच्या भाषेला कायद्यात कित्येक वर्षं 'मोल्दोव्हन' म्हणत. अलीकडे संसदेने ते नाव काढून 'रोमानियन' घातलं. शब्द तेच, व्याकरण तेच, पाटी बदलली. पाटी बदलल्यावर काही लोक रडले, काहींनी शॅम्पेन फोडली. मला दोघांचंही नवल वाटलं नाही, मी शिरपूरचा आहे.

मग इथली जनगणना आली. रविवार होता, आम्ही सासरी होतो. हातात टॅब घेतलेली एक मुलगी अंगणात बसली. मातृभाषा विचारल्यावर वासिले म्हणाले, "रोमानियन. दोघांचीही."

चुलीपाशी वांगी भाजत असलेल्या आना वळल्यासुद्धा नाहीत. "माझी मोल्दोव्हन लिही गं बाई."

"आना, अशी भाषाच नाही."

"मग इतकी वर्षं तुम्ही दुरुस्त काय करत होता?"

मुलीने बोटाने एक टिचकी मारली आणि रकाना बदलला. तिला एक सेकंद लागला असेल. खाडाखोड चालते का, असं मी तिला विचारलं. तिला माझा प्रश्नच कळला नाही.

संध्याकाळी मी मायला फोन करून हे सगळं सांगितलं. तिने विचारलं, "तिचं नाव काय?" आना, मी म्हटलं. "तिले मह्या रामराम सांग." मी सांगितला. आनांनी मायसाठी अक्रोडाच्या मुरंब्याची बरणी भरून ठेवली. ती अजून आमच्या फ्रीजमध्ये आहे, कारण ती नेणार कशी ते कुणाला सुचलेलं नाही.

आता हा प्रश्न मला सगळेच विचारतात. हे दोन देश एक व्हावेत की नाही? वासिले तर म्हणतात, तू बाहेरून आलेला, तुझं मत निष्पक्ष, उद्या मतदान झालंच तर तुझं मत हवं. फायदे मला दिसतात. पलीकडे रस्ते बरे आहेत, दवाखाने बरे आहेत, पगार बरे आहेत; एलेनासकट निम्म्या ओळखीच्यांकडे तिकडचा पासपोर्ट आहेच. पूर्वेकडे युद्ध चालू असताना मोठ्या घरात जाऊन झोपावंसं वाटणं मी समजू शकतो. पण मी वासिलेंना भर जेवणात सांगितलं की माझं मत मिळणार नाही. अजून नाही. आधी मला एवढं सांगा, पहिली ओळ कुणाची आणि वरीलप्रमाणे कोण?

ते म्हणाले, "आपण सगळे एकच आहोत, यात वर-खाली कुठून आलं?"

मी म्हटलं, "एकच असाल तर बुखारेस्टवाल्यांना 'ईय गिनी' म्हणायला सांगा. महिनाभर. मग मी मत देतो."

आना मोठ्याने हसल्या. वासिलेंनी पाव मोडला आणि माझ्याकडे न बघता खाल्ला. त्या रविवारपासून माझ्या ग्लासात वाइन थोडी कमी पडते. चालेल.

हे मी गावाकडच्यांसाठी लिहितो आहे, आणि सुरतेला, पुण्याला, दुबईला गेलेल्यांसाठीही. आपल्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर पंधरा दिवसांनी एक नकाशा येतो. त्यात शेजारचे दोन-तीन देश आपल्यात मिळवून एकाच रंगात रंगवलेले असतात आणि खाली हात जोडलेले असतात. पाठवणारे माझे चुलतभाऊ आहेत. भाऊ, नकाशा सुरेख आहे. पण धुळे आणि जळगाव एका ताटात एक भरीत खाऊ शकत नाहीत आणि तुम्ही समुद्रापर्यंत पोचलात. मी तिथे एकदा विचारलं की त्या देशांतल्या माणसांना विचारलं का. मला ग्रुपमधून काढलं. भावाने पुन्हा घेतलं. पुन्हा काढलं. आता मी बाहेरच आहे, आणि मला बाहेरची हवा मानवते.

मला तुम्ही दोन्हीकडून बोलावता. तिकडचे म्हणतात, काही झालं तरी तू आपला. इकडचे म्हणतात, आता तू आमचाच. मी दोघांचाही आहे, तक्रार नाही. फक्त कुणाच्या खाली 'वरीलप्रमाणे'ची दोन बारीक टिंबं मारून मला उतरवू नका. पूर्वी मला वाटायचं, घर म्हणजे जिथे आपल्याला काही सांगावं लागत नाही ते. ते खोटं आहे. जिथे सांगावं लागलं नाही, तिथे दुसऱ्याने सांगून टाकलेलं असतं. माझ्यापुरतं घर म्हणजे जिथे प्रत्येकाला त्याच्या ओळीपाशी थांबून विचारतात, आणि उत्तर येईपर्यंत लिहीत नाहीत. असं घर मला अजून पूर्ण सापडलेलं नाही. आनांच्या चुलीपाशी एक सेकंद सापडलं होतं.

परवा मायला फोन केला. शिरगणती आता खरंच होणार, असं भावाने तिला सांगितलंय. या वेळी फोनवरून आपली माहिती आपणही भरता येईल म्हणतात. मी म्हटलं, मी इथून भरून देऊ? ती नाही म्हणाली. मास्तरांनाच येऊ दे, तोंडाने सांगेन. नाना नसल्यामुळे कुटुंबप्रमुख आता ती आहे, हे तिने भावाकडून दोनदा खात्री करून घेतलंय. पहिली ओळ तिची. तिने उत्तर पाठ करून ठेवलंय आणि मला म्हणूनही दाखवलं: बोदवडकडची बोली, तिचं नाव, सगळं स्पष्ट, न अडखळता. मला भरून आलं. मी विचारलं, आणि घरातल्या बाकीच्यांचं?

"बाकी बठ्ठे वरीलप्रमाणे," माय म्हणाली.

घरात बाकी म्हणजे भाऊ आणि भावजय. भावजय सुरतेची आहे. तिची मातृभाषा गुजराती आहे.