पाचर आणि चकत्या

सासरे दिसायच्या आधी ऐकू यायचे. गॅरेजच्या किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला असे आणि पावलागणिक तो वाजे. मुलाला यंत्रांची गोडी नव्हती. तो गाड्या रंगवायचा आणि त्यातच खूश असायचा. पान्यावर हात बसला तो सुनेचा. गिऱ्हाइकं आता तिलाच विचारत येत, पण शटर उघडायचं ते सासऱ्यांनी आणि लावायचं तेही सासऱ्यांनीच.

गुरांच्या डॉक्टरीणबाईंची जीप कामाला आली, तेव्हा कुठे ते बोलले, "ही गाडी धड परत गेली की किल्ल्या तुझ्या. मी मध्ये बोट घालणार नाही."

"बाबा, तुम्ही बोट कुठे घालता? अख्खा हात घालता."

"नाही म्हटलं ना एकदा!"

डोंगरातल्या वाटेवर जीपचं पोट दगडांना घासायचं, म्हणून सुनेने ती चार बोटं उंच करून दिली. काम देखणं झालं. पण दुसऱ्याच दिवशी डॉक्टरीणबाई दारात.

"अगं, वेग घेतला की गाडी नुसती थरथरते! लशींच्या बाटल्या आपसात भांडायला लागतात. उद्या दुपारी मला वर निघायचंय."

"उद्या दुपारी गाडी घेऊन जा," सून म्हणाली. दुखणं तिला ठाऊक होतं. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे फिरत जाणारा लांब शाफ्ट, गाडी उंच झाल्यामुळे फारच तिरका झाला होता. त्याच्या दोन टोकांना दोन जोड. त्या जोडांचे कोन बेताचे हवेत आणि एकमेकांसारखे हवेत, नाहीतर शाफ्ट शांत बसत नाही. तिने मागच्या स्प्रिंगांच्या पाट्यांखाली पोलादी पाचरी ठोकल्या आणि मागच्या जोडाचा कोन कमी केला. बाजारामागच्या सरळ रस्त्यावर फेरी मारली. थरथर होतीच, फक्त आता गाडी निघताना. उद्या सकाळी बघू, असं म्हणून ती घरी गेली.

सकाळी तिने पुन्हा फेरी मारली, तर गाडीचा सूरच बदललेला. काल निघताना थरथरत होती, आज वेग घेतल्यावर. ती जीपखाली शिरली. तिच्या पाचरी गायब! आणि गाडीचा सांगाडा आणि गिअरबॉक्सचा आधार यांच्यामध्ये जाड चकत्या घालून गिअरबॉक्स खाली उतरवलेला. पाचरी फळीवर सापडल्या, स्वच्छ पुसून फडक्यावर मांडलेल्या. चोराने त्या पुसून ठेवल्या नसत्या. असं पुसणारा माणूस घरात एकच होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चकत्या उपटून काढायला तिने पाना लावलासुद्धा. मग हात थांबला. आधी मोजू तरी, म्हणून तिने कोनमापक धरला. पुढच्या जोडाचा कोन छान उतरला होता. तिच्या पाचरींनी तिकडे काहीच फरक पडला नव्हता. आता मागचाच तेवढा मोठा राहिला होता. म्हणजे तिने मागचं टोक सुधारलं होतं आणि म्हाताऱ्याने पुढचं, पण तिचं काढून. आता चकत्या काढल्या, तर तीही तेच करणार होती.

तिने चकत्या राहू दिल्या. पाचरी मात्र जरा पातळ निवडल्या आणि पुन्हा बसवल्या. मग सासऱ्यांना हाक मारली.

"बसा शेजारी. आणि जुडगा इथे समोर ठेवा."

"कशाला?"

"तुमच्यापेक्षा तो खरं बोलतो."

सरळ रस्त्यावर तिने गाडी पळवली. काचेखालच्या पत्र्यावर पडलेला जुडगा गप्प होता. ती आणखी वेगात गेली. तरी गप्प. सासरे वाकून त्याच्याकडे बघत राहिले.

"माझ्या चकत्या काढल्यास?" त्यांनी शेवटी विचारलं.

"नाही. त्या हव्यातच. माझ्या पाचरीही हव्यात. तुम्ही एकदा विचारलं असतंत तर कालच झालं असतं."

"विचारलं असतं तर तू घालू दिल्या असत्यास?"

ती खळखळून हसली. "नसत्या दिल्या."

दुपारी जीप डोंगराकडे गेली. सासऱ्यांनी जुडगा तिच्या हातावर ठेवला आणि मागे वळूनही न पाहता घरी निघाले. पहिल्यांदाच त्यांच्या चालण्याचा आवाज झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोहोचली, तेव्हा ते बंद शटरसमोर हातात फडकं घेऊन उभे होते.

"काय हो मालकीणबाई," ते कडाडले, "ही काय यायची वेळ झाली?"

"गाडीखाली काही करायचं असेल, तर आधी विचारायचं," ती म्हणाली आणि कुलपात किल्ली घातली.

"बरं, विचारतो. आता उघड तरी!"