कागद झेलणाऱ्या बाई

प्रिंटरमधून कागद बाहेर यायला लागला की बाई खुर्चीतून उठायच्या आणि दोन्ही हात त्याच्याखाली धरायच्या. त्या मशीनचा समोरचा ट्रे तुटलेला होता, त्यामुळे कागद थेट फरशीवर पडे. साहेब नवा ट्रे मागवतो म्हणाले, तर बाई म्हणाल्या, "कायले? हात हायेत नं."

झेललेला कागद त्या लगेच देत नसत. उभ्याउभ्या वाचत. आपण हात पुढे केला की म्हणत, "थांब नं बाप्पा, वाचू दे मले." आता तुम्हीच सांगा, अशा माणसाचा राग येईल की नाही? मला तर फार यायचा.

अमरावतीतलं आमचं ऑफिस म्हणजे तीन खोल्या आणि सहा माणसं, सगळी कंत्राटी. गावोगाव शेतकरी जीव देत होते, ते दिवस. त्यांच्या घरच्यांना मदत मिळावी म्हणून लागणारी पत्रं आमच्याकडून निघत. मी अकोल्याहून आलेला कॉम्प्युटर ऑपरेटर, स्वतःला फार शहाणा समजणारा. कागदांचा ढीग निघायचा आणि प्रिंटर एकच, तोही बाईंच्या टेबलावर.

एकदा एका विधवेच्या पत्रावर मी चांदूर रेल्वेऐवजी चांदूर बाजार टाकलं. बाईंनी कागद माझ्यापुढे ठेवला.

"दोन चांदूर हायेत, भाऊ. माह्या नवऱ्याचा कागद असाच तिकडं गेला होता. तीन खेपा केल्या मी. कोनी सांगे ना."

त्या स्वतः चांदूर रेल्वेच्या, रोज येऊनजाऊन करणाऱ्या. मुलगी शिकत होती आणि घर या एका नोकरीवर चालत होतं. हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं, मलाही होतं. मी पत्र दुरुस्त केलं आणि मनातल्या मनात बाईंना शिव्या घातल्या.

मग साहेबांनी दोन नवे प्रिंटर आणले. तिन्ही मशीन सगळ्या कॉम्प्युटरांना जोडायचं काम माझ्याकडे आलं. भिंतीच्या कडेनं वायरी टाकल्या, मधे स्विचची डबी बसवली, प्रत्येक प्रिंटरला वेगळा नंबर दिला. बाई दिवसभर वायरीचं टोक धरून माझ्यामागे फिरल्या.

"अन् माह्या मशीनले कोणता नंबर देल्ला?"

"शेवटचा," मी म्हटलं. सगळे हसले. बाईही हसल्या.

दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांचे कागद नव्या मशीनवर निघू लागले. बाईंचं मशीन गप्प. तेव्हा मला खेळ सुचला. मी माझ्या जागेवरून त्यांच्या मशीनवर कोरा कागद पाठवायचो. बाई उठायच्या, हात धरायच्या, कागद उलटसुलट करून पाहायच्या आणि टेबलाटेबलाशी जाऊन विचारायच्या, "कोनाचा हाय हा?" आम्ही तोंड दाबून हसायचो. साहेबसुद्धा. महिनाभर चाललं हे. लाज म्हणाल, तर तेव्हा वाटली नाही.

मग वरून कपात आली. एक माणूस कमी करायचा होता. "आता कागद झेलायला माणूस कशाला?" हे साहेब नाही, मी बोललो. पत्र टाइप करायचं कामही मलाच मिळालं. साहेब म्हणाले, "माझ्या खोलीतल्या मशीनवर काढ. उगाच तमाशा नको."

सकाळीच मी बाईंना कोरा कागद पाठवला होता. कॉम्प्युटरवर त्यांचंच मशीन निवडलेलं राहून गेलं होतं. मी बटण दाबलं आणि बाईंचं मशीन घरघरलं. दहा पावलांवर होतं. धावत जाऊन कागद ओढून घेता आला असता. मी बसून राहिलो.

बाई उठल्या, हात धरले. कागदावर काही लिहिलेलं आहे हे पाहून आधी त्यांचा चेहरा खुलला. मग त्या वाचत गेल्या, पार शेवटच्या ओळीपर्यंत, आणि माझ्याकडे आल्या.

"पुन्हा काढ, भाऊ. पुन्हा चांदूर बाजारच टाकलं तुनं."

मी गाव बदललं. त्यांनी दुसरा कागदही झेलला, वाचला, "आता बरोबर हाय" म्हणाल्या आणि साहेबांकडे सहीला घेऊन गेल्या.

पुढे दोन वर्षं मी तिथंच होतो. कधी चुकून एखादं पत्र त्या मशीनवर जायचं आणि फरशीवर पडायचं. एकदा उचललं तर त्यावर कोणाच्या तरी बुटाचा ठसा होता. मी तो झटकला आणि पत्र न वाचता पाकिटात घातलं.