रथाच्या वाटेतला आरसा
तिळाच्या तेलाचा वास आला की मला चेन्नईतली आमची अरुंद गल्ली आठवते. त्या सकाळी देवळाचा रथ निघाला आणि आमची गाडी नेमकी वाटेत. किल्ली नवऱ्याच्या बॅगेत, आणि तो कंपनीच्या बसने लांब श्रीपेरुंबुदूरला पोहोचलासुद्धा होता. दोर ओढणारी माणसं रथासकट गाडीमागे थांबली. बाजूचा आरसा मिटला असता तर रथ जेमतेम गेला असता, पण खाऱ्या हवेने आरशाचा सांधा गंजून घट्ट बसला होता. मला रडूच यायचं बाकी होतं. तेवढ्यात घरमालकीणबाई देवघरातलं समईचं तिळाचं तेल घेऊन आल्या. "मेदुवा, हळू, जोर करू नकोस," म्हणत त्यांनी ते सांध्यावर ओतलं. मी आरसा धरला आणि त्यात पाहिलं, तर मोगऱ्याच्या माळा, घामाने निथळणारी माणसं, त्यांच्या वर देवाचा झळझळता चेहरा, सगळं माझ्या दोन हातांत मावलं होतं. मग आरसा कुरकुरत मिटला आणि रथ गाडीला न शिवता पुढे गेला. आता नव्या गाडीचे आरसे बटणाने मिटतात, तरी मिटण्याआधी माझी नजर त्यांच्यात जातेच, मागून कोण येतंय ते बघायला.