प्रत्येक फोटोत मधे उभा

आफ्रिकेत मोंबासाच्या बंदरात नोकरीला लागलो आणि तिथल्या एकटेपणात मला कॅमेऱ्याचा नाद लागला. लढाईच्या दिवसांत फिल्म मिळता मिळत नसे. रजेवर आलो तेव्हा एकच रोल उरला होता आणि तो कोरेगावच्या आठवडी बाजारासाठी मी जपून ठेवला होता.

पण बाजारात शिरताच ज्याचा पहिला फोटो काढला, तो म्हातारा सुखानं पुढचे काढू देईल तर ना! मिरच्यांच्या ढिगाकडे कॅमेरा वळवला, तर हा मधे. बैलांकडे वळवला, तर तिथंही हाच. आधी फेटा सारखा करायचा, मग मिशीवरून हात फिरवायचा आणि पलटणीत असल्यासारखं ताठ उभं राहायचं. फोटो निघाला की काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं बाजूला व्हायचं.

रोल संपला तसा मी भडकलो. "आवं बाबा, तुमचा एक काढला होता की! सारखं मधे काय येताय?"

तो म्हणाला, "रागावू नगा. ह्ये फोटू तुमी बोटीनं तिकडं न्हेणार न्हवं? माझा ल्योक तिकडंच हाय, पलटणीत. एखादा तरी त्याला दिसंल."

एवढं बोलून तो गर्दीत गेला. ना स्वतःचं नाव सांगितलं, ना पोराचं!

मोंबासाला रोल धुतला, तर बाजार कुठंच धड दिसेना. त्यानंतर बंदरात मराठी बोलणारा शिपाई दिसला, की मी चरफडत खिशातून फोटो काढी आणि विचारी, "बघ रं, ह्यो तुझा बा न्हवं?"